रिकामा तलाव जमिनीतून वर का येतो?

विदर्भात घरबांधणीशी थोडाफार संबंध आलेल्या माणसाने हा प्रकार पाहिलेला नसला तरी ऐकलेला असतो. उन्हाळ्यात बागेत खड्डा करून पाण्याची प्लॅस्टिकची टाकी पुरली, नळजोडणी व्हायची होती म्हणून ती रिकामीच राहिली, आणि जुलैत चार दिवसांची झड लागून गेल्यावर पाहावे तर टाकी वरची माती सारून बाहेर आलेली. टाकी हलकी होती म्हणून असे झाले, असे म्हणून लोक तो विषय सोडून देतात. पण सळ्या बांधून काँक्रीट ओतलेला, चाळीस टनांहून जास्त वजनाचा स्विमिंग पूलही नेमक्या याच कारणाने वर येऊ शकतो, आणि तो एका कडेने दहा-पंधरा सेंटीमीटर उचलला गेला तरी पाइप तुटतात, तळ फाटतो आणि मूळ जागेवर तो पुन्हा बसवता येत नाही.

नागपूर विमानतळाच्या दक्षिणेला, वर्धा रोडच्या अंगाने पसरलेल्या मिहानच्या परिसरात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या या प्रकल्पात कंपन्या आल्या, एम्स आले, दहेगावला आयआयएम उभे राहिले, खापरीपर्यंत मेट्रो धावू लागली. त्यामागोमाग खापरी, जामठा आणि पुढे बुटीबोरीच्या दिशेने लेआउट पडले, बंगले आणि फार्महाऊस झाले, आणि त्यांतल्या काहींच्या परसात स्विमिंग पूलही आले. अशा पुलाचा विचार बहुतेक वेळा टाइल्सचा रंग, आकार आणि दिवे यांपासून सुरू होतो. तो तिथून सुरू होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. या जमिनीत पूल बांधताना आतले पाणी धरून ठेवणे हे तुलनेने सोपे काम आहे. अवघड आहे ते बाहेरचे पाणी आणि बाहेरची माती सांभाळणे. खोली किती ठेवायची, जमिनीपासून किती उंच घ्यायचे, कोणत्या महिन्यात खोदायचे, या सगळ्यांची उत्तरे जमिनीकडूनच घ्यावी लागतात.

टनांचा हिशेब

रिकामा तांब्या बादलीतल्या पाण्यात सरळ दाबून पाहा. हाताला जो उलटा रेटा जाणवतो, तो तांब्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो. तांब्या पितळेचा आहे की प्लॅस्टिकचा, याच्याशी त्या रेट्याला काही देणेघेणे नाही. तांब्याचे स्वतःचे वजन रेट्यापेक्षा जास्त असेल तर तो बुडेल, कमी असेल तर वर येईल. आर्किमिडीजचा हाच नियम जमिनीत पुरलेल्या टाकीलाही लागू होतो. अट एवढीच की टाकीभोवतीच्या मातीत पाणी भरलेले हवे.

घरगुती मापाचा एक पूल घेऊ. आतून ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि १.४ मीटर खोल. भिंती आणि तळ २० सेंटीमीटर जाडीचे. भिंतींसह बाहेरचा आकार ८.४ बाय ४.४ मीटर होतो, म्हणजे जवळजवळ ३७ चौरस मीटर. तळाच्या जाडीसह बाहेरची उंची १.६ मीटर. आता पुढची चौकट पाहा.

[चौकट: ८ × ४ × १.४ मीटरच्या पुलाचे वजन आणि रेटा]
तळ व भिंतींचे काँक्रीट: सुमारे १४ घनमीटर, वजन ३६ टन
प्लॅस्टर व टाइल्स: सुमारे ७ टन
रिकाम्या पुलाचे एकूण वजन: ४३ टन
काठोकाठ भरल्यावर आतले पाणी: सुमारे ४५ टन (४५,००० लिटर)
बाहेरचे पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत आल्यास वर ढकलणारा रेटा: ५९ टन

वजन ४३ टन आणि रेटा ५९ टन. फरक १६ टनांचा. भिंतीला घासणारी माती यातला काही भाग पेलते, पण ओल्या, सैल भरावाच्या घर्षणावर सोळा टनांचा भरवसा ठेवता येत नाही. उलट पूल भरलेला असेल तर ४३ आणि ४५ मिळून ८८ टन होतात आणि ५९ टनांचा रेटा त्याला जागचा हलवू शकत नाही. याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. रिकामा पूल उचलला जायला बाहेरचे पाणी थेट जमिनीपर्यंत यावे लागते असेही नाही. पुलाच्या बुडापासून सुमारे १.१५ मीटर चढले, म्हणजे जमिनीखाली हातभर अंतरावर आले, की तोल संपतो. आणि आत अर्धा मीटर पाणी असले तरी हा तोल जेमतेम सावरतो. पावसाळ्यात पूल कधीही रिकामा करू नये, हा नियम इथून आला आहे. तो कंत्राटदाराच्या भीतीतून आलेला नाही.

इथे एक रास्त शंका येते. आपल्याकडे भोसल्यांच्या काळातल्या दगडी बावड्या आहेत, गावोगावी बांधीव विहिरी आहेत. त्या कितीतरी जास्त खोल असून वर्षानुवर्षे जागच्या हलल्या नाहीत, मग पुलालाच ही भीती का? कारण बावडीचे बांधकाम पाण्याला आत येऊ देते. दगडांच्या फटींतून बाहेरचे पाणी आत झिरपते, आत-बाहेर पातळी सारखी होते आणि दाब साचत नाही. तळ तर उघडाच असतो. पूल याच्या बरोबर उलट हेतूने बांधला जातो. त्याच्या भिंतीतून थेंबही आत-बाहेर जाऊ नये अशी अपेक्षा असते, आणि हा अभेद्यपणा जितका उत्तम साधेल तितका बाहेरच्या पाण्याचा रेटा त्याला पुरेपूर सोसावा लागतो.

हे पाणी येते कुठून

मिहानमध्ये बोअर मारायला गेले तर उन्हाळ्यात पाणी खोल लागते. मग ते जमिनीखाली हातभर अंतरावर कसे येणार, हा प्रश्न प्लॉटमालक विचारतात आणि तो चुकीचा नाही. नागपूर शहर भूगर्भाच्या दृष्टीने सीमेवर वसलेले आहे. पूर्वेकडे फार जुने रूपांतरित खडक आहेत, तर पश्चिमेकडे दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थराथराने पसरून तयार झालेला. मिहानचा परिसर या बेसाल्टच्या बाजूला येतो. घट्ट बेसाल्टमधून पाणी जवळजवळ जात नाही. ते जाते फटींतून आणि कुजलेल्या, मुरुमाड थरातून. उन्हाळ्यात या फटी रिकाम्या होतात, विहिरी तळाला जातात. पाऊस सुरू झाला की वरचा मुरूम आधी भरतो, आणि पोळ्याच्या सुमारास त्याच भागातल्या उघड्या विहिरींत पाणी खूपच वर आलेले दिसते.

विहिरीचे पाणी वर आले नाही तरी धोका टळत नाही, आणि ही बाब सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. पुलासाठी आपण खड्डा खोदतो तो पुलापेक्षा मोठा, कारण शटरिंग लावायला, माणसाला उभे राहायला चारही बाजूंनी जागा लागते. भिंती झाल्या की ही मोकळी जागा खोदलेल्याच मातीने, डबराने, विटांच्या तुकड्यांनी भरून टाकतात. आजूबाजूला घट्ट चिकणमाती किंवा खडक आणि मधे हा पोकळ भराव. छपराचे पाणी, अंगणाचे पाणी, पुलाच्या काठावरून वाहणारे पाणी या भरावात उतरते आणि तिथून त्याला पुढे जायला वाट नसते. म्हणजे परिसरातली भूजलपातळी दहा मीटर खाली असली तरी पुलाच्या अवतीभवती आपण स्वतःच एक पाण्याने भरलेला खंदक करून ठेवतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. एवढ्या पावसात ५०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ५०,००० लिटर पाणी पडते. त्यातला थोडा हिस्सा जरी त्या खंदकाकडे वळला तरी तो काठोकाठ भरतो. वर्षाच्या सरासरी हजार-अकराशे मिलिमीटर पावसापेक्षा अशा एका रात्रीचा पाऊस पुलाला जास्त महाग पडतो.

काळ्या मातीचा रेटा

पाण्याचा रेटा निदान गणितात पकडता येतो. काळ्या मातीचे तसे नाही. बेसाल्ट कुजून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे प्रमाण मोठे असते. हे खनिज अतिशय पातळ पापुद्र्यांचे असते आणि दोन पापुद्र्यांमधला बंध सैल असतो. पापुद्र्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्याला चिकटलेले कॅल्शियम, सोडियमचे कण पाण्याच्या रेणूंना ओढून घेतात, पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरते आणि ते एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते. उन्हाने पाणी उडाले की पापुद्रे पुन्हा जवळ येतात, माती आक्रसते, आणि एप्रिल-मेमध्ये हात आत जाईल अशा भेगा पडतात. शेतकऱ्याला ही भेग उपकारक असते, कारण पहिला पाऊस तीतून खोलवर मुरतो. बांधकामाला मात्र हीच मातीची हालचाल सर्वांत मोठी शत्रू असते.

ही हालचाल वर्षाला एकदा वर, एकदा खाली अशी चालते, आणि ओलाव्याचा हा चढउतार खोल काळ्या मातीत दोन-तीन मीटर खालपर्यंत जाणवतो. घरगुती पूल पूर्णपणे याच पट्ट्यात बसतो. दीड मीटर खोल पाण्याचा भिंतीवरचा दाब तळाशी दर चौरस मीटरला दीड टन भरतो. फुगायला जागा न मिळालेली काळी माती मात्र त्याच्या कित्येक पट दाब देऊ शकते. प्रयोगशाळेत तपासलेल्या अनेक नमुन्यांत तो दर चौरस मीटरला दहा टनांच्या वर गेलेला आहे. शिवाय हा दाब सगळीकडून सारखा येत नाही. एका कोपऱ्याजवळ कडुनिंबाचे झाड जमिनीतला ओलावा ओढून घेत असते, दुसऱ्या बाजूला बागेला रोज पाणी दिले जाते, तिसऱ्या बाजूला घराची सावली. एकसारखे उचलले गेले असते तर काँक्रीटने कदाचित सोसले असते. एक कोपरा वर आणि दुसरा खाली, असे झाले की तडा जातोच.

तडा गेला की पुढचे चक्र आपोआप फिरू लागते. फटीतून पाणी बाहेर पडते, नेमकी त्या फटीमागची माती भिजते, फुगते, भिंतीला आत ढकलते, फट रुंदावते आणि आणखी पाणी बाहेर जाते. त्यामुळे पुलाची गळती आतून वॉटरप्रूफिंगचा एक हात मारून थांबवण्याचा प्रयत्न बहुधा एक-दोन पावसाळेच टिकतो. दोष भिंतीमागे असतो, आणि दुरुस्ती भिंतीच्या पुढून चाललेली असते.

खड्डा आधी, आराखडा नंतर

सुदैवाने याच शहरात मातीची तपासणी करून घेणे अवघड नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालय नागपुरात अमरावती रोडवर आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान संस्थेत स्थापत्य विभाग आहे, आणि माती तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळाही शहरात आहेत. जुन्या जमीन-बंदोबस्तात या जिल्ह्याची माती काळी, मोरांड, खरडी, बरडी अशी वेगवेगळी नोंदवली गेली होती. ती वर्गवारी शेतीसाठी होती, पण आजही ती उपयोगी पडते, कारण एकाच लेआउटमध्ये टेकाडाच्या बाजूला हातभर खाली मुरूम लागतो आणि सखल बाजूला दोन मीटर गेले तरी काळी मातीच निघते. शेजाऱ्याचा पूल नीट आहे, म्हणून आपलाही नीट राहील, हा निष्कर्ष इथे धरता येत नाही.

फुगवट्याची मूलभूत चाचणी इतकी साधी आहे की ती होताना मालकाने एकदा समोर उभे राहून पाहावी. माती सुकवून, कुटून, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक चाळणीतून गाळतात. त्यातली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या एका काचेच्या मापनळीत टाकून वर केरोसीन भरतात. तेवढीच माती दुसऱ्या मापनळीत टाकून वर शुद्ध पाणी भरतात. ढवळून, हवेचे बुडबुडे काढून २४ तास दोन्ही तशाच ठेवतात. केरोसीनचे रेणू त्या पापुद्र्यांमध्ये शिरत नाहीत, म्हणून त्या नळीतली माती जेवढीच्या तेवढी बसते. पाण्याच्या नळीतली माती वर चढलेली असते. केरोसीनमध्ये माती १० मिलिलिटरच्या खुणेवर आणि पाण्यात १८ वर असेल तर मुक्त फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांच्या वर आकडा गेला की नेहमीच्या पद्धतीचे बांधकाम चालणार नाही, असे समजून चालावे. या एका आकड्यावर सगळा आराखडा ठरत नाही, प्रत्यक्ष फुगवटा-दाबाची चाचणी वेगळी करावी लागते. पण काळ्या भेगाळ जमिनीच्या मालकाला ती दोन नळ्यांतली उंचीची तफावत जितके समजावते, तितके जाडजूड अहवाल समजावत नाही.

दुसरी चाचणी वेळ मागते. पूल जिथे व्हायचा तिथे दोन-अडीच मीटरचे भोक घेऊन त्यात छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करावा, भोवती बारीक गिट्टी भरावी, वरून झाकण लावावे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला दोरीला वजन बांधून त्यात पाणी किती वर आले ते मोजावे आणि वहीत लिहावे. एक पावसाळा वाट पाहणे कोणालाच आवडत नाही, हे मान्य. पण त्या वहीतला सर्वांत मोठा आकडाच पुलाचे वजन आणि उंची ठरवणार आहे, आणि तो दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. परवानगीचे कामही याच काळात उरकता येते. मिहानच्या अधिसूचित क्षेत्रात नियोजन प्राधिकरण विमानतळ विकास कंपनी आहे, तर भोवतालच्या बऱ्याच गावांत नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. आपला प्लॉट कोणाकडे येतो आणि हद्दीपासून किती अंतर सोडायचे, हे वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे.

तलाव जमिनीच्या वर घ्यावा

आता मूळ मुद्दा. पूल म्हणजे जमिनीशी समतल पाण्याचा निळा चौकोन, हे चित्र आपल्या डोक्यात हॉटेलांनी आणि सिनेमांनी पक्के बसवले आहे. मिहानच्या जमिनीत ते चित्र सोडून द्यावे आणि पुलाचा काठ जमिनीपासून सुमारे ६० सेंटीमीटर, म्हणजे बसता येईल इतका, वर घ्यावा. त्याच ८ बाय ४ च्या पुलाचा हिशेब पुन्हा करू. १.६ मीटर उंचीपैकी आता एकच मीटर जमिनीखाली राहतो. बाहेरचे पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत आले तरी रेटा ३७ टनांच्या वर जाऊ शकत नाही, आणि रिकाम्या पुलाचे वजन ४३ टन आहे. वाईटात वाईट पावसातही तो तरंगणार नाही. तरीही ही तफावत मला अपुरी वाटते. म्हणून तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी ३० सेंटीमीटर वाढवावा. त्या ओठावर भराव बसतो, पूल वर जाऊ पाहील तर त्याला हा भरावही सोबत उचलावा लागेल, आणि ओठ व त्यावरचा भराव मिळून, पाण्यात बुडालेले असतानाही, आणखी आठेक टनांचा आधार देतात.

उंच काठाचे बाकीचे फायदेही लहान नाहीत. अंगणातले गढूळ पाणी पुलात शिरत नाही. रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल चालता चालता थेट पाण्यात पडत नाही, अर्थात कुंपण आणि कुलपाची गरज यामुळे संपत नाही. खोदकाम कमी होते, आणि जिथे अर्ध्या-पाऊण मीटरवर खडक आहे तिथे फोडकामाचा खर्च वाचतो. मात्र एक किंमत मोजावी लागते. जमिनीच्या वर आलेल्या भिंतीला मागून मातीचा टेकू नसतो, त्यामुळे आतल्या पाण्याचा संपूर्ण दाब भिंतीनेच पेलला पाहिजे. सळ्यांचा आराखडा दोन्ही टोकांच्या परिस्थितीसाठी करावा लागतो. आत पूर्ण पाणी आणि बाहेर काहीच नाही ही एक, आत काही नाही आणि बाहेर ओली माती ही दुसरी. मिस्त्रीच्या अंदाजावर हे काम सोडू नये, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्यावी.

भिंतीमागे आणि तळाखाली काय भरायचे, यावर बाकीचे यश अवलंबून आहे. खोदलेली काळी माती पुन्हा तिथे घालायची नाही, एक घमेलेसुद्धा नाही. ती बागेत पसरावी. तळाखाली काळी माती खोलवर असेल तर ती काढून न फुगणाऱ्या पण किंचित चिकट मुरुमाचा जाड थर, पाणी मारून आणि रोलरने दाबून, थराथराने द्यावा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी केलेल्या संशोधनातून ही पद्धत पुढे आली. फुगणाऱ्या मातीवर सुमारे मीटरभर जाडीचा असा थर असेल तर वरच्या बांधकामाला तिची हालचाल फारशी जाणवत नाही, असे त्यांनी दाखवले. इथे मुरुमाऐवजी नुसती वाळू टाकण्याचा मोह टाळावा. वाळूत पाणी साचते आणि खालच्या मातीला वर्षभर भिजवत राहते. भिंतीलगत मात्र गिट्टीचा उभा पट्टा हवा आणि त्याच्या बुडाशी छिद्रांचा पाइप हवा, उताराने प्लॉटच्या सखल कोपऱ्याकडे जाणारा. तो पाइप नाल्यात सोडता येत नसेल तर एका खड्ड्यात सोडून तिथे छोटा मोटारपंप ठेवावा. वरून सर्व बाजूंनी मीटरभर रुंदीचा, बाहेर उतार दिलेला फरशीचा पट्टा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी मुळात भरावात उतरणारच नाही.

तयार फायबरचा पूल आणि व्हॉल्व्हचा भरवसा

इतका खटाटोप करण्यापेक्षा कारखान्यातून तयार फायबरग्लासचा पूल आणून खड्ड्यात बसवला तर? हा पर्याय लवकर होतो, आतून गुळगुळीत असतो, आणि किंचित लवचीक असल्याने मातीची थोडी हालचाल तो काँक्रीटपेक्षा बरी सोसतो. या गोष्टी खऱ्या आहेत. पण वरची चौकट पुन्हा पाहिली तर अडचण कळते. काँक्रीटच्या ४३ टनांच्या जागी इथे टन-दीड टन वजन असते. रिकाम्या फायबर पुलाला वर आणायला बाहेर पाच-सहा सेंटीमीटर पाणी चढले तरी पुरते. असा पूल घ्यायचाच असेल तर तो पावसाळ्यात भरलेलाच राहील याची हमी हवी, आणि बाहेरगावी राहणाऱ्या मालकाच्या फार्महाऊसवर ती हमी कोण देणार?

तळाच्या जाळीत बसवलेला, बाहेरचा दाब वाढला की आपोआप उघडून भूजल पुलात घेणारा व्हॉल्व्ह मिळतो. तो जरूर बसवावा. एकट्या त्याच्या जिवावर मात्र निश्चिंत राहू नये, कारण पाणी त्याच्यापर्यंत पोहोचायला तळाखाली गिट्टीचा मोकळा थर लागतो. तो थर नसेल तर घट्ट मातीतले पाणी कोपऱ्यात दाब देत राहते आणि मधला व्हॉल्व्ह कोरडाच राहतो. वर्षानुवर्षे न उघडलेल्या व्हॉल्व्हची चकती गाळाने आणि क्षारांनी चिकटते, हेही आहेच. त्यापेक्षा गिट्टीच्या थरापर्यंत जाणारा उभा पाइप कोपऱ्यात ठेवणे मला जास्त विश्वासाचे वाटते. झाकण उघडले की पाणी किती चढले ते डोळ्यांना दिसते, आणि लागलेच तर त्यात पंप सोडता येतो.

थंडीत ओतायचे, भराव टाकण्याआधी तपासायचे

बांधकामाचा मोसम नागपुरात हवामानच ठरवून देते. ४५ अंशांच्या कोरड्या वाऱ्यात ओतलेल्या काँक्रीटमधले पाणी सिमेंटशी संयोग होण्याआधीच उडू लागते आणि पृष्ठभागावर केसासारख्या तड्यांचे जाळे उठते. घराच्या स्लॅबला ते एक वेळ चालेल, पाणी धरणाऱ्या बांधकामाला नाही. पाण्याच्या टाक्यांसाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३३७० मध्ये, सळ्यांच्या काँक्रीटसाठी किमान एम-३० दर्जा सांगितला आहे, तो याच कारणाने. दिवाळीनंतर खोदकाम, डिसेंबर-जानेवारीत तळ आणि भिंती, असा क्रम ठेवावा. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात रबराची किंवा पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी घालावी. सांधा हीच गळतीची पहिली जागा असते. आणि किमान दहा दिवस सतत ओले ठेवावे, भिंतींना गोणपाट गुंडाळून. सकाळ-संध्याकाळ पाइपने एकदा पाणी मारणे म्हणजे क्युरिंग नव्हे.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. भराव टाकण्याआधी पूल काठापर्यंत भरावा. पहिले सात दिवस काँक्रीट स्वतः पाणी पिते, ते सोडून द्यावे. पुढचे सात दिवस पातळी मोजावी. उडून गेलेले पाणी वजा करून या काळात एकूण उतार ४० मिलिमीटरच्या आत असावा, असे तेच मानक सांगते. उडून गेलेले पाणी ओळखायचा उपाय साधा आहे. पुलाच्या पायरीवर एक बादली त्याच पाण्याने भरून, आतली-बाहेरची पातळी सारखी येईल अशी ठेवायची. ऊन आणि वारा दोघांनाही सारखाच लागतो. आठवड्याने बादलीतली पातळी जितकी उतरली तितके पाणी हवेत गेले, पुलात त्याहून जास्त उतरले असेल तर तेवढे जमिनीत गेले. बाहेरून भिंत उघडी असल्याने ओलसर डाग कुठे उमटला ते खडूने खुणावता येते. भराव टाकल्यावर हीच गळती शोधायला पुन्हा खोदावे लागते.

उन्हाळ्यातले पाणी

विदर्भात परसात ४५,००० लिटर पाणी साठवणे योग्य आहे का, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरले जाते. त्या मापाने चौघांच्या कुटुंबाचे हे जवळजवळ पावणेतीन महिन्यांचे पाणी झाले. पण पूल एकदा भरला आणि गाळणी नीट चालली की तेच पाणी वर्षानुवर्षे वापरता येते. खरा खर्च उडून जाणाऱ्या पाण्याचा आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडते. ३२ चौरस मीटरच्या पुलातून रोज ३२० लिटर, म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहून जास्त, आणि महिन्याला दहा हजार लिटरच्या टँकरएवढे. पाण्यावर तरंगणारे आच्छादन वापरात नसताना अंथरले तर यातला बहुतांश भाग वाचतो, पालापाचोळा पडत नाही, आणि क्लोरीनही टिकते, कारण उघड्या उन्हात पाण्यातले मोकळे क्लोरीन काही तासांत जवळजवळ संपून जाते. आच्छादन ही इथे चैनीची जोड नाही. ज्याला ते रोज ओढण्याचा कंटाळा आहे, त्याने नागपुरात पूल बांधू नये.

खोलीबद्दलही हाच विचार लागू होतो. घरच्यांना पोहायला सव्वा ते दीड मीटर पुरते. उडी मारण्यासाठी अडीच मीटरचे टोक काढले की पाणी वाढते, खोदकाम खडकात जाते, आणि पुलाचे बूड नेमके त्या थरात उतरते जिथे पावसाळ्यात पाणी हमखास चढते.

टाइल बदलायला किंवा तळ घासायला पूल कधी तरी रिकामा करावाच लागतो. त्यासाठी फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्याचे पाणी फटींतून उतरून गेलेले असते आणि उन्हाचा तडाखा सुरू झालेला नसतो. मेमध्ये रिकामा, तापलेला काँक्रीटचा तळ प्रसरण पावून टाइल्स सुटतात. आधी कोपऱ्यातल्या उभ्या पाइपाचे झाकण उघडून आत पाहावे, पाणी पुलाच्या बुडाच्या खाली असेल तरच पंप लावावा, आणि काढलेले ४५,००० लिटर पुलाच्या शेजारच्या काळ्या मातीत न सोडता, क्लोरीन उतरल्यावर, लांब पाइपने झाडांकडे न्यावे.